मास्तरांचा पाय आणि उस्तादांची कात्री

...तर बादलीचा उपायही फुकट गेला. पाय बादलीत, बादलीत घोटाभर पाणी, आणि तरी पाय चालूच. पाणी डुचमळायला लागलं, मास्तरांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली, आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून हातातले पत्ते गुपचूप खाली ठेवले. मास्तरांकडे त्या डावात तीन एक्के होते. मिळाली किती बटणं? चार. त्यातलं एक तुटकं.

काल इथंच थांबलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो. नाहीतर म्हणतील, म्हातारा एकदम बादलीतूनच सुरुवात करतो. कुणाचा पाय, कसली बटणं, काही पत्ता नाही.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. अंगाने काडी, गळ्यात टेप, कानावर खडू आणि ओठांत चार-पाच टाचण्या. टाचण्या धरून बोलायचं म्हणजे शब्द मोजूनच बाहेर पडणार. चेहरा म्हणाल तर धुतलेल्या पाटीसारखा कोरा. तीस वर्षं लोकांच्या पोटाभोवती टेप गुंडाळायची, आकडा वाचायचा आणि हसायचं नाही, हा काय साधा अभ्यास आहे? असा चेहरा पत्ते खेळणाऱ्याला मिळाला तर त्याने देवाचे आभार मानावेत. पण देवाने मास्तरांना चेहरा एक दिला आणि पाय भलताच दिला.

त्यांच्या दुकानामागे एक खोली होती. पुढे दोन मशिनं, मोठा आरसा, कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा. आणि मागे ही खोली. अस्तराचे तागे, हात नसलेला कापडी पुतळा, खिडकीखाली कापड कापायचं लांब टेबल. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. मग त्या टेबलावरचं कापड गुंडाळून ठेवायचं आणि आम्ही चौघं बसायचो. एक मास्तर. दुसरा मी, मी तेव्हा पोस्टमन होतो, रविवारी पायांना विश्रांती. तिसरा चष्मेवाला, कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान. आणि चौथा मास्तरांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो पुठ्ठ्याची खोकी करायचा, बुटांसाठी, बाहुल्यांसाठी, बल्बांसाठी. सगळे त्याला खोकेवालाच म्हणायचे.

खेळायचो पोकर. अवघड काही नाही. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले. मधे टेबलावर पाच पत्ते उघडे येतात, पण एकदम नाही: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याची जुळणी भारी तो जिंकला. आणि प्रत्येक टप्प्यावर बोली. एकाने दहा लावले तर बाकीच्यांनी दहा भरायचे, नाहीतर पत्ते टाकून गप्प बसायचं. आमच्यात बोलीला मर्यादा नव्हती. समोर आहे तेवढं सगळं एका डावात लावायची मुभा. पैसे मात्र नाहीत. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पैसा टेबलावर दिसला तर चहा दिसणार नाही." म्हणून बटणं. शर्टाचं पांढरं बटण एक, कोटाचं काळं म्हणजे दहा, पितळी म्हणजे पन्नास. प्रत्येकाला मास्तरांनी एकेक पिशवी शिवून दिली होती, जिंकलेली बटणं तिच्यात राहायची. पिशवी रिकामी झाली की बिस्किटांचा पुडा आणायचा आणि नवी शंभर बटणं घ्यायची. चष्मेवाल्याने आम्हाला इतकी बिस्किटं खाऊ घातली की बेकरीवाला त्याला चुलता मानायला लागला. कारण उजेड पडला की त्याचे पत्ते त्याच्याच जाड भिंगांत दिसायचे. चष्मा काढून खेळला तर त्याला स्वतःलाच दिसायचे नाहीत. एकदा राणी समजून गुलामावर सगळं लावलंन.

तर मास्तरांचा पाय. हातात भारी पत्ते आले की त्यांचा उजवा पाय आपोआप चालू व्हायचा. मशीनच्या पायट्यावर चालतो तसा. टकटक, टकटक. चेहरा कोरा, हात स्थिर, आणि टेबलाखाली जणू कुणाची तरी विजार शिवणं चाललंय. पाय वाजला की आम्ही पत्ते टाकायचो. एकदा त्यांच्याकडे चार राण्या आल्या होत्या. चार. माणसाला जन्मात एकदा येतात म्हणतात. टेबल असं हललं की चहा बशीत आला. आम्ही पहिल्याच बोलीला पळालो. मास्तरांनी आपल्या दोन राण्या मधल्या दोघींशेजारी एकेक करून मांडल्या, त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि समोरची तीन बटणं गोळा केली.

"मास्तर, कोटाला काजं चार आणि बटणं तीन," चष्मेवाला म्हणाला.

मास्तर म्हणाले, "बिस्कीट घ्या."

आमच्या गावच्या शाळेत एकाच खोलीत चार वर्ग बसायचे आणि गुरुजी एक. ते नुसते कान बघून ओळखायचे, कुणी गणितं केलेली नाहीत. आमच्या वर्गातल्या एकाचे कान लाल व्हायचे. तो कानटोपी घालून आला, तर गुरुजी म्हणाले, उन्हाळ्यात टोपी घातलीस म्हणजे आज एकही गणित केलेलं नाही. शरीराने चहाडी करायचं ठरवलं की ती बुजवायला जाल तितकी वाढते. मास्तरांचं तेच झालं. पण हे सगळं हसण्यावारी चालू होतं, कात्री जाईपर्यंत.

कात्रीची गोष्ट अशी. मास्तर पोरगे असताना ज्या उस्तादांकडे शिवण शिकले, त्यांनी जाताना ती दिली होती. बारा इंची, काळ्या मुठीची, अंगठ्याच्या जागी मूठ झिजून उस्तादांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. मास्तरांचा अंगठा त्यात बरोब्बर बसायचा. तिचा नियम एकच: कापडाशिवाय काही कापायचं नाही. कागद तर नाहीच. कागदाने धार जाते हे मला तेव्हाच कळलं, मला वाटायचं कात्री ती कात्री. शिकायला असताना मास्तरांनी एकदा तिने वर्तमानपत्र कापलं, तर उस्तादांनी त्यांना आठ दिवस नुसती काजं करायला बसवलं होतं.

एका रविवारी मास्तरांकडे तीन राजे झाले. पायाला मात्र खात्री नसावी, तो गप्प होता. म्हणून मेहुणा पळाला नाही. मास्तरांची बटणं संपली, बोली वाढली आणि मास्तरांनी टेबलावर पडलेली कात्री पुढे सरकवली. मेहुणा म्हणाला, "दोनशे धरू." मास्तरांनी मान हलवली. मेहुण्याने पत्ते उघडले, मधले तीन धरून पाचही बदाम. एका रंगाचे पाच तीन राजांना खातात. मेहुण्याने कात्री उचलली, हवेत दोनदा चालवून बघितली आणि म्हणाला, "माझ्या कामाला बरी आहे."

वहिनी पुढच्या खोलीत इस्त्री करत होत्या. त्या दारात आल्या. "ती ठेव खाली. ती त्यांच्या उस्तादांची आहे."

"ताई, तू मागतेयस तर देतो," मेहुणा म्हणाला. "भाऊजींनी फक्त म्हणावं, हरलो ते खरं नव्हे."

मास्तरांनी टाचण्या ओठांतून काढल्या. "टेबलावर गेली, टेबलावरूनच येईल," म्हणाले.

वहिनींनी दोघांकडेही असं बघितलं की इस्त्री त्यांच्या हातात होती याची मला काळजी वाटली.

मेहुणा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. फक्त त्याला कुणी माघार घ्यायला लावलेलं चालत नसे, आणि कात्री म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. त्याचं दुकान रस्त्यापलीकडे, अगदी समोर. सोमवारी सकाळी मी टपाल घेऊन आलो तर मास्तर मशीनवर बसलेले आणि समोर मेहुणा दारात बसून त्या कात्रीने पुठ्ठा कापतोय. जाडा, खडबडीत, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा. कर्र. मास्तरांनी डोळे मिटले. कर्र. मशीन थांबलं. मी पत्रं ठेवली आणि निघालो. दुसरं काय करणार?

दोन महिन्यांनी धारवाला आला. तो सायकलवर चाक बांधून गल्लोगल्ली फिरायचा. मेहुण्याने त्याच्याकडून धार लावून घेतली. मग धारवाला रस्ता ओलांडून मास्तरांकडे आला, कारण ती कात्री तो वीस वर्षं ओळखत होता. म्हणाला, "मास्तर, तिथे काय करतेय ती? मी घासतो, तो बोथट करतो. अजून पाच-सहा महिने पुठ्ठा कापला तर घासायला पातं राहणार नाही."

म्हणजे आता मुदत पडली. आणि अडचण साधी नव्हती. मेहुणा दर रविवारी कात्री बरोबर आणायचा आणि आपल्या बटणांशेजारी ठेवायचा. चिडवायला. "ही माझी दोनशे बटणं," म्हणायचा. पण ती डावात कधी यायची? त्याची बाकीची सगळी बटणं एका डावात संपली आणि तरी त्याला बोली भरायची असली, तरच. चार-चार बटणं जिंकून कात्री येणार नव्हती. मास्तरांना एक भारी हात हवा होता, आणि त्या हाताची पुरेपूर किंमत वसूल व्हायला हवी होती. भारी हात यायचे हो. किंमतच वसूल व्हायची नाही, कारण पाय.

मग ते सगळे उपाय झाले. पाय टेबलाच्या पायाला अस्तराच्या पट्टीने बांधला, तर टेबलच चालायला लागलं. मांडी घालून बसले, तर गुडघा उडायला लागला आणि चष्मेवाल्याच्या बरगडीत बसला. पायावर वहिनींची कोळशाची जुनी इस्त्री ठेवली, थंड अर्थात, तर ती ठणठण वाजली. शेवटी बादली. बादलीचा रविवार संपल्यावर मास्तर विजार पिळत पुढच्या खोलीत उभे होते आणि मी चपला घालत होतो, म्हणून पुढचं बोलणं मी कानांनी ऐकलं.

वहिनी मशीनवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही पाय थांबवायला कशाला बघताय?"

"मग काय करू? कापून टाकू?"

"कात्री कुठंय कापायला?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी मशीनखालचं कापड काढून बाजूला ठेवलं आणि पायटा हाणला. मशीन टकटक चाललं, सुई वरखाली, खाली काही नाही. "कापड नसलं तरी चालतं ना मशीन? बाहेरून ऐकणाऱ्याला काय कळतंय, शिवताय की नुसतं चालवताय?"

मास्तर विजार पिळायचे थांबले. पाणी टपटप फरशीवर पडत राहिलं.

"आणि तो माझा भाऊ आहे," वहिनी म्हणाल्या. "लहानपणी त्याला झाडावरून उतर म्हटलं की आणखी एक फांदी वर जायचा. त्याला फसवलं गेलेलं सोसत नाही. एकदा त्याला कळू द्या की पाय खोटा वाजतो. मग बघा."

पुढच्या रविवारी मास्तरांचा पाय दर डावाला वाजायला लागला. आम्हाला वाटलं, नशीब उघडलं गृहस्थाचं. चष्मेवाला पत्ते टाकतोय, मी टाकतोय, मेहुणा टाकतोय, आणि मास्तर गोळा करतायत. हातात काय होतं ते दाखवत नव्हते. पण सरळ माणूस तो, खोटं चालवताना कपाळावर घाम यायचा. चष्मेवाला म्हणाला, "मास्तर, एवढं शिवताय, जरा दम घ्या."

मी त्यांच्या उजव्या हाताला बसायचो. माझ्या कानाशी पाय. आणि आयुष्यभर दारं वाजवलेली असल्याने आवाज मला कळतात. दुसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की हा पाय वेगळा आहे. खरा पाय वाजायचा तो थांबून थांबून: टकटकटक, मग गप्प, पुन्हा टकटकटक, काज करताना मशीन चालतं तसा. हा नवा पाय एकसारखा, लांब शिवण घातल्यासारखा. मी मास्तरांकडे बघितलं. चेहरा पाटी. मी काही बोललो नाही. माझे पत्ते मी तरीही टाकले, कारण माझ्याकडे छक्की आणि तिर्री होती.

तिसऱ्या रविवारी ते घडलं. मोठा डाव होता. मेहुण्याकडे दोन जोड्या झालेल्या. मास्तरांनी चाळीस लावले, पाय वाजतोय. मेहुण्याने नाक ओढलं, पत्ते टाकले, आणि टाकताना दोन जोड्या आम्हाला दाखवल्या, मोठेपणाने, म्हणजे बघा मी काय सोडून देतोय. मास्तरांनी बटणं ओढली आणि अगदी सावकाश आपले दोन पत्ते उलटे केले. सत्ती आणि दुर्री. रंग वेगळे, मधल्या पत्त्यांशी काडीचा संबंध नाही.

मेहुणा त्या दुर्रीकडे बघत राहिला.

"पाय वाजत होता," तो म्हणाला.

"वय झालं मेहुणे," मास्तर म्हणाले. "हल्ली कधीही वाजतो."

चष्मेवाला खुर्चीत मागे पडून हसला. मेहुणा हसला नाही. चहा न पिता गेला. सोमवारी मी बघितलं, पुठ्ठा कापताना कात्री नेहमीपेक्षा जोरात चालत होती, आणि मास्तरांच्या दुकानाकडे बघून. मला वाटलं, ही युक्ती कात्रीच्याच जिवावर उठणार.

त्यानंतरचे दोन रविवार मेहुणा मास्तरांचा एकही डाव सोडीना. पाय वाजला की म्हणायचा, "वाजू दे." खोटं पकडलं दोनदा, मास्तरांची साठ-सत्तर बटणं गेली. तरी मास्तरांची पिशवी जड होती. आधीच्या तीन रविवारी फुकट पाय वाजवून भरलेली. मेहुण्यासमोर नव्वद बटणं आणि कात्री. मास्तरांपुढे तीनशेच्या वर. हे आकडे मला पाठ आहेत, घरच्या फोनचा नंबर पाठ नाही.

आणि त्याच दुसऱ्या रविवारी, साडेचारच्या सुमाराला, चहा नुकता येऊन गेलेला, मी पत्ते वाटले. सगळ्यांनी सुरुवातीची पाच-पाच बटणं मधे टाकली. मी मधे तीन पत्ते उघडले: चौकटचा राजा, किलवरची नव्वी, बदामाची चौकी.

माझ्या कानाशी पाय वाजला. टकटकटक. गप्प. टकटकटक.

काज.

मास्तर म्हणाले, "दहा." चष्मेवाल्याने पत्ते टाकले. मी टाकले, माझ्याकडे राजा असता तरी टाकले असते. मेहुणा म्हणाला, "सुरू झाला कारखाना," आणि दहा भरले.

चौथा पत्ता उघडला, इस्पिकचा राजा. मेहुण्याने डोळा लवू दिला नाही, पण त्याने पोट आत घेतलं. याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, मास्तरांना कळला. पाय आता इतका वाजत होता की टेबलावरच्या टाचण्या नाचत होत्या. मास्तर म्हणाले, "पंचवीस." दुसरा कुणी असता तर पहिल्यांदाच सगळं लावून मोकळा झाला असता. मास्तरांनी आधी कच्चे टाके घातले, पक्की शिवण मागून. मेहुण्याने पंचवीस भरले. आता त्याच्यासमोर पन्नास बटणं आणि कात्री.

पाचवा पत्ता उघडला. चौकटची दुर्री. कुणाच्या कामाची नाही.

आता मला जे भय होतं ते हे. मास्तरांनी पन्नास लावले तर मेहुणा पन्नास भरेल, कात्री जागच्या जागी राहील, आणि असा हात पुन्हा यायला पुढची दोन वर्षं. आणि जास्त लावले तर पळेल. मधे सगळी मिळून शंभरही बटणं नव्हती. मास्तरांनी पितळी बटणं एकावर एक रचली. पाच. टाचण्या ओठांतून काढून पुतळ्याच्या छातीत खोचल्या. आणि म्हणाले, "अडीचशे."

चष्मेवाला म्हणाला, "मास्तर, बरं वाटतंय ना?"

पाय टकटकटक. मेहुणा टेबलाखाली वाकला. खरंच वाकला, आणि त्या पायाकडे बघत राहिला. वर आला तेव्हा चेहरा लाल.

"भाऊजी," तो म्हणाला, "सत्ती-दुर्री पुन्हा?"

मी माझ्या बशीतल्या बिस्किटाकडे बघत होतो. मला माहीत होतं आणि मला बोलायचं नव्हतं, आणि न बोलणं एवढं जड असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, आतलं कधी सांगितलं नाही. ते सोपं होतं, कारण ती बंद असायची.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून वहिनींचा आवाज आला. इस्त्री चालू होती, त्या दिसत नव्हत्या. "अरे, टाक पत्ते. उगाच हट्ट नको. कात्री जायची."

झालं. झाडावर आणखी एक फांदी.

"तू इस्त्री कर, ताई," मेहुणा म्हणाला. पन्नास बटणं ढकलली, कात्री उचलली, पात्याकडून धरून बटणांच्या ढिगावर ठेवली. मग आपले पत्ते आपटले. एक्का आणि राजा. मधले दोन धरून तीन राजे. "खोटा पाय किती दिवस चालणार होता? तीन राजे."

तीन राजे बघून मास्तरांना काय आठवलं असेल ते मला आठवलं. त्यांनी आपला पहिला पत्ता उलटा केला, नव्वी. दुसरा उलटा केला, तीही नव्वी. हातातल्या दोन, मधली एक, तीन नव्व्या. आणि टेबलावरचे दोन राजे त्यांच्याही जमेला. तीन आणि दोन, असा पाचाचा हात. नुसत्या तीन राजांनी तो हरत नाही.

पाय थांबला. इस्त्रीखाली ओलं कापड फुसफुसलेलं ऐकू आलं.

मास्तरांनी बटणांना हात लावला नाही. कात्री उचलली. अंगठा त्या खळग्यात घातला. दोनदा उघडली-मिटली, मग खिडकीजवळ नेऊन पात्याकडे बघितलं आणि पाठ आमच्याकडे करून बराच वेळ तिथेच उभे राहिले. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. मेहुणा दुर्री, राजा, नव्वी पुन्हा पुन्हा मोजत होता, जणू तिसऱ्यांदा मोजल्यावर एखादी नव्वी कमी भरेल.

"एवढी चांगली होती का ती?" त्याने हळूच मला विचारलं.

"कागद कापत नाहीत तिने," मी म्हटलं.

"मला कुणी सांगितलं नाही."

खरं होतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मास्तर सांगणार नाहीत, वहिनी रागावलेल्या, आणि मी आपला पत्रं टाकून पुढे. चार महिने आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी डोळे मिटत होतो, आणि त्या माणसाला वाटत होतं आपण नुसता पुठ्ठा कापतोय.

धारवाल्याने ती तीनदा घासली. पातं दोन सुतं अरुंद झालं, पण धार आली. पहिल्या दिवशी मास्तरांनी तिने कापड कापलं तेव्हा मी मुद्दाम टपाल घेऊन थांबलो होतो. आवाजच आला नाही. नुसतं कापड दुभंगत गेलं.

मेहुणा दोन रविवार आला नाही. तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, काखेत पँटचं कापड घेऊन आला. त्याची पँट पंधरा वर्षं मास्तरच शिवायचे, दुसरीकडे कुठे जाणार? मला वाटतं त्याला ते कापड त्या कात्रीने कापलेलं बघायचं होतं, पण तसं तो म्हणणार नाही. मी तिथेच होतो, मनीऑर्डरची पावती लिहीत. मास्तरांनी त्याला आरशासमोर उभं केलं, गळ्यातला टेप काढला आणि कमरेभोवती घेतला. कात्री टेबलावर, दोघांच्या मधे. वहिनी मशीन थांबवून बघायला लागल्या.

मेहुण्याने नेहमीप्रमाणे पोट आत ओढलं, छाती फुगवली आणि आरशातून मास्तरांकडे बघत म्हणाला, "भाऊजी, एकच सांगा. झोप नाही मला. त्या दिवशी पाय तुम्ही मुद्दाम वाजवलात, की आपोआप वाजला?"

मास्तरांनी टेपवरचा आकडा वाचला, बोट मधे घालून टेप जरा सैल केला आणि टाचण्या ओठांत तशाच ठेवून म्हणाले, "मेहुणे, आधी पोट सोडा. माप चुकतंय."